अक्कांच्या रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' आलंय, म्हणजे नक्की काय झालंय?

निपाणी भागातून एका भावाने आपल्या अक्कांचा रिपोर्ट पाठवलाय. अक्का ४१ वर्षांच्या. लग्न झाल्यापासून विड्या वळतात. तीन महिन्यांपासून दोन्ही हात दुखतात, रात्री बोटं बधिर होऊन जाग येते, आणि "हात झटकला की जरा बरं वाटतंय" असं त्या सांगतात. अंगात त्राण नाही, वजन वाढलंय. गावातल्या लॅबने रक्त घेतलं, नमुना बाहेरगावी गेला, चार दिवसांनी सहा पानं हातात आली. कुणीतरी त्यातल्या चार ओळींखाली लाल पेनने रेघ मारलीय: ईएसआर ५२, आरए फॅक्टर २८ (मर्यादा २०), एएसओ ३१० (मर्यादा २००), एएनए १:८० पॉझिटिव्ह, स्पेकल्ड. एकाने सांगितलं, हा ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार. दुसऱ्याने सांगितलं, आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस, सांधे सुजवणारा), आता आयुष्यभर गोळ्या. तिसऱ्याने दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुचवलं. भावाचा प्रश्न असा: "डॉक्टर, यातलं खरं कोणतं? आणि एएनए प्रोफाइलसाठी रक्त मुंबईला पाठवू का? काही हजार लागतील म्हणतात."

मी बेळगावात सांध्यांचे रुग्ण बघतो, २५ वर्षं होत आली. असे रिपोर्ट रोज समोर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. तुम्ही पाठवलेल्या सहा पानांवरून मला ल्युपस दिसत नाही आणि आमवातही दिसत नाही. हात लावून तपासल्याशिवाय कुणीही शंभर टक्के सांगू नये, मीही सांगत नाही. पण ज्या ओळींखाली रेघ नाही अशा दोन ओळी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिल्या पानावर हिमोग्लोबिन ९.१ आहे आणि चौथ्या पानावर टीएसएच १४.६ आहे. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, ती मंदावली की हा वाढतो; तो साधारण ४ ते ५ च्या आत असायला हवा. म्हणजे थायरॉईड मंदावलेली दिसते आणि रक्त कमी आहे. हे दोन्ही बरं करता येतं, आणि अक्कांच्या बहुतेक तक्रारी या दोहोंत बसतात. कशा बसतात ते पुढे सांगतो. त्याआधी लाल रेघा एकेक करून बघू, कारण घरातली झोप त्यांनी उडवलीय.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो एएनए. आपली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. कधीकधी ती स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध तयार करते, त्यांना एएनए म्हणतात. तपासणी कशी होते ते कळलं की निम्मी भीती जाते. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर पाण्यासारखा भाग उरतो, ते सीरम. काचेवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी बसवलेल्या असतात, त्यांचं नाव हेप-२. सीरम पातळ करून या पेशींवर सोडतात, चमकणारा रंग लावतात, आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली हिरवी चमक दिसते का ते बघतात. दिसली तर सीरम आणखी दुप्पट पातळ करून पुन्हा बघतात. आमटीत पाणी ओतत जावं आणि कुठवर तिखट लागतं ते बघावं, तसंच हे. १:४० म्हणजे थोडंसं पाणी, १:८० म्हणजे त्याच्या दुप्पट, मग १:१६०, १:३२०, १:६४०. चार-पाच वेळा पाणी दुप्पट करूनही चमक टिकली तर ती आमटी खरोखर जळजळीत. १:८० ला संपली तर तिखट जेमतेम होतं.

आता ही चमक निरोगी माणसांतही दिसते. १९९७ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट लोकांचं रक्त याच पद्धतीने तपासलं. १:४० वर साधारण ३२ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले, १:८० वर १३ टक्के, १:१६० वर ५ टक्के आणि १:३२० वर ३ टक्के. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या शंभर निरोगी माणसांचं रक्त काढलं तर १:८० ला तेराच्या आसपास माणसं पॉझिटिव्ह येतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना ल्युपस कधीच होणार नाही. बायकांत आणि वय वाढेल तसं हे प्रमाण आणखी वाढतं. घरात कुणाला थायरॉईड असेल, क्षयाची आयसोनियाझिडसारखी गोळी चालू असेल, नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल, तरी एएनए पॉझिटिव्ह येतो.

तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल की ल्युपसच्या निकषांत १:८० हाच आकडा आहे. बरोबर आहे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए १:८० किंवा जास्त असल्याशिवाय पुढे मोजणीच सुरू करायची नाही, असा नियम आहे. पण तो वेशीचा दरवाजा आहे. वेशीतून आत आलेला प्रत्येक माणूस त्या गावचा रहिवासी नसतो. आत आल्यावर तोंडातले फोड, चेहऱ्यावरचा चट्टा, सांध्यांची सूज, लघवीतून जाणारं प्रथिन, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी होणं, रक्तातली सी३-सी४ ही प्रथिनं घटणं, डीएस-डीएनए ही अँटिबॉडी सापडणं अशा एकेका गोष्टीला गुण असतात आणि किमान १० गुण लागतात. अक्कांच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ७,२००, प्लेटलेट २ लाख ८० हजार, लघवीत प्रथिन नाही, रक्तपेशी नाहीत. गुण मोजायला सुरुवात करावी असं मला काहीच सापडत नाही.

या तपासणीचा खरा उपयोग उलट्या बाजूने होतो. ल्युपस असलेल्या जवळजवळ सगळ्यांचा एएनए पॉझिटिव्ह असतो, त्यामुळे तो निगेटिव्ह आला तर ल्युपस बऱ्यापैकी खात्रीने बाजूला ठेवता येतो. पॉझिटिव्ह आला तर फक्त रुग्णाकडे परत जायचं, अजून चार प्रश्न विचारायचे.

'स्पेकल्ड' म्हणजे ठिपके-ठिपके. सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात कमी सांगणारा नमुना हाच. सेंट्रोमिअर असं लिहून आलं असतं तर मी लगेच विचारलं असतं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का? आपल्याकडे जून ते ऑगस्ट, खानापूर-जांबोटीच्या बाजूला तर हवा अशी गार आणि ओली असते की हा त्रास असलेली बाई पावसाळ्यात बरोबर सापडते. कातडी कडक होण्याच्या आजारात हे चिन्ह इतर लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी दिसतं. आणि डेन्स फाइन स्पेकल्ड असं लिहिलेलं असेल, दुसरं काही नसेल, तर ती बहुधा निरोगी माणसाची खूण असते.

एक गोष्ट लॅबच्या बाबतीत. काही ठिकाणी मायक्रोस्कोपऐवजी यंत्रावर एएनए करतात. तिथे १:८० असं येत नाही, १.४ किंवा २६ असा आकडा येतो. यंत्राच्या आणि मायक्रोस्कोपच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करायची नाही. मायक्रोस्कोपच्या पद्धतीतही शेवटी कुणाची तरी नजर ठरवते, त्यामुळे एका लॅबचा १:८० दुसरीकडे १:१६० येऊ शकतो. त्यावरून 'आजार दुप्पट झाला' असं म्हणू नये. आणि एकदा पॉझिटिव्ह आलेला एएनए दर तीन महिन्यांनी पुन्हा करायची गरजच नसते. ज्यांना खरंच ल्युपस आहे त्यांचंही आम्ही पुढे लघवी, सीबीसी, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारा आकडा), सी३-सी४ आणि डीएस-डीएनए बघतो.

आरए फॅक्टर. हे नावच लोकांना फसवतं. ही रक्तातली एक अँटिबॉडी आहे, १९४० मध्ये नॉर्वेचे एरिक वालेर यांना ती पहिल्यांदा दिसली. आमवाताच्या रुग्णांत ती खूप जणांत सापडली म्हणून नाव तसं पडलं, पण ती फक्त आमवाताची नाही. क्षयरोग, कुष्ठरोग, कावीळ सी, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग, जुनाट फुप्फुसाचे विकार, नुसतं वाढलेलं वय, या सगळ्यांत आरए फॅक्टर वाढतो. उलट खऱ्या आमवाताच्या दर चार-पाच रुग्णांत एकाचा तो निगेटिव्ह असतो. आम्ही मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आकडा आला तर त्याला वजन देतो. तुमच्या लॅबची मर्यादा २० आहे, म्हणजे ६० च्या पुढे. अक्कांचा २८.

तरी इथे मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत, कारण अक्का तंबाखूत बसून काम करतात. विडी, सिगारेट ओढणाऱ्यांना आमवात होण्याचा धोका जास्त असतो, आरए फॅक्टरही त्यांच्यात जास्त वेळा पॉझिटिव्ह येतो. त्या स्वतः ओढत नसतील, मिश्री लावत असतील तर तेही मोकळेपणाने सांगा, तपासताना कुणी रागावणार नाही. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? तंबाखूच्या धुरळ्याचाच असेल असं धरून बसू नका. सरकारी दवाखान्यात क्षयासाठी थुंकी फुकट तपासतात.

आमवाताची शंका असेल तर जास्त नेमकी तपासणी म्हणजे अँटी-सीसीपी. ती पॉझिटिव्ह असेल, त्यातही आकडा मोठा असेल, तर बहुधा आमवात असतो, कधीकधी तर सांधे सुजण्याच्या काही वर्षं आधीच ती पॉझिटिव्ह झालेली असते. तुमच्या सहा पानांत ती नाही. तरीही आजच करा असं मी म्हणणार नाही, कारण आमवात आधी हाताला दिसतो आणि मग कागदावर.

हाताला कसा दिसतो ते सांगतो. सकाळी उठल्यावर मुठी वळत नाहीत, आणि हा ताठरपणा अर्धा तास, एक तास, कधी दुपारपर्यंत टिकतो. ओला टॉवेल पिळता येत नाही. भाकरी थापताना तळहात टेकवला की कळ येते. तळहाताशी जोडलेले बोटांचे सांधे, म्हणजे मूठ आवळल्यावर जे चार उंचवटे वर येतात ते, आणि बोटांचे मधले सांधे सुजतात. दोन उंचवट्यांमधली खोलगट जागा भरून येते. डॉक्टरने हात हातात घेऊन तो उंचवट्यांचा पट्टा दोन्ही बाजूंनी हलका दाबला की रुग्ण हात ओढून घेतो. हे सहा आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर आम्ही गंभीर होतो. तुम्ही लिहिलंय की अक्कांना सकाळी पाच-दहा मिनिटं जड वाटतं, सूज कुणाला दिसलेली नाही, अंगठी सैल आहे तशीच आहे. तुम्ही सहज लिहिलेल्या या तीन वाक्यांनी मला सहा पानांपेक्षा जास्त सांगितलं.

चिकुनगुन्या विसरू नका. २००६ च्या साथीत कर्नाटक होरपळून निघालं होतं आणि त्यानंतरही तो अधूनमधून येतच असतो. ताप तीन-चार दिवसांत जातो, सांधे मात्र महिनोन्महिने दुखतात, आणि ते दुखणं आमवातासारखंच दिसतं. तीन महिन्यांपूर्वी घरात किंवा गल्लीत तापाची लाट आली होती का, हे डॉक्टरांना सांगा.

ईएसआर ५२. उभ्या नळीत रक्त ठेवतात आणि एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजतात. बायकांसाठी ढोबळ मर्यादा अशी काढतात: वयात १० मिळवायचे आणि दोनाने भागायचं. अक्कांसाठी ती साडेपंचवीस येते. मग ५२ का? कारण रक्त पातळ आहे. लाल पेशी कमी असल्या की त्या नळीत भरभर खाली बसतात. हिमोग्लोबिन ९.१ असलेल्या बाईचा ईएसआर चढलेला असणारच. खरी दाहाची आग असेल तर सीआरपी नावाचं रक्तातलं प्रथिनसुद्धा वाढतं, आणि अक्कांचा सीआरपी ३.८ आहे, मर्यादा ६. ल्युपस याला अपवाद आहे, तिथे ईएसआर वाढून सीआरपी साधा राहू शकतो. म्हणूनच लघवी आणि प्लेटलेट मी दोनदा बघून घेतले.

आता एएसओ, आणि इथे मला थोडं कळकळीने लिहावं लागेल. एएसओ एवढंच सांगतो की स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने गेल्या काही महिन्यांत कधीतरी घसा धरला होता. आपल्याकडे घसा कुणाचा धरत नाही? २०० ची मर्यादा ओलांडलेली निरोगी माणसं भरपूर सापडतात. ज्या तापात सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा आजार. त्यात गुडघे, घोटे असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. चाळिशीच्या बाईची बोटं दुखताहेत, एएसओ ३१० आहे, म्हणून पेनिसिलिन सुरू, असं करण्याला काहीही आधार नाही. मी अशा बायका बघितल्यात ज्यांनी सहा-सहा वर्षं दर २१ दिवसांनी कमरेत ती दुखरी इंजेक्शनं घेतली, त्यासाठी मजुरीचा दिवस बुडवला, आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. फक्त एक खबरदारी. घरात एखाद्या मुलाला झडपेच्या आजारासाठी हेच इंजेक्शन चालू असेल, तर माझं हे वाचून ते बंद करू नका. त्या मुलासाठी ते अत्यंत गरजेचं आहे.

आता त्या दोन ओळींकडे. रात्री बोटं बधिर होणं, मुंग्या येणं, उठून हात झटकावासा वाटणं. आमच्याकडे येणारे कन्नड बोलणारे रुग्ण याला 'जोमु' म्हणतात. ही मनगटात दबलेल्या नसेची खूण आहे. तळहाताच्या बुडाशी हाडांचा एक बोगदा आहे, त्यातून बोटांचे स्नायुबंध आणि एक मोठी नस जाते. जागा कमी झाली की नस दाबली जाते. अक्कांना विचारा, करंगळी बधिर होते का? अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर होत असेल आणि करंगळी मोकळी राहत असेल, तर निदान जवळजवळ झालंच.

जागा कमी होण्याची दोन कारणं अक्कांकडे आहेत. एक काम. मांडीवर सूप, डाव्या हातात पान, उजव्या हाताने तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, टोकं मुडपायची. मजुरी हजारावर, म्हणून हात थांबत नाही. एकेका विडीला मनगट वाकतं आणि बोटांच्या टोकांवर जोर येतो, दिवसाला शेकडो वेळा. दुसरं कारण थायरॉईड. ती मंदावली की ऊतींमध्ये पाणी धरतं, बोगद्यात नस आणखी आवळली जाते. त्याच थायरॉईडने वजन वाढतं, अंग जड होतं, मरगळ येते. पाळीत अंगावरून जास्त जातं, त्यातून रक्त कमी होतं, रक्त कमी झालं की ईएसआर चढतो. आणि थायरॉईड मंदावण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण हे स्वतःच ऑटोइम्यून असतं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलेली असते, अशा बऱ्याच बायकांत थोडासा एएनए सापडतो. एक धागा धरला की चारांतल्या दोन लाल रेघा उलगडतात. तुम्ही पाळीबद्दल काही लिहिलेलं नाही, भावाला ते कसं सांगणार, म्हणून वहिनींना किंवा आईला विचारायला सांगा.

म्हणजे ऑटोइम्यून आजाराची भीती अगदीच खोटी नव्हती. पण जो बहुधा आहे तो सगळ्यात जास्त आढळणारा आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने ताब्यात राहणारा आहे.

पुढच्या तपासण्या थोड्याच: टीएसएच पुन्हा एकदा, सोबत फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची अँटिबॉडी). फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२. साखर, कारण मधुमेहातही ही नस दबते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी थांबवा, त्यांनी थायरॉईडचे आकडे फसवे येतात. हे सगळं बेळगावात, चिकोडीत, निपाणीतही होतं.

थायरॉईडची गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. या एका चुकीमुळे कितीतरी जणींचा टीएसएच उतरत नाही आणि विनाकारण डोस वाढत जातो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपायचं. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा.

तुम्ही आणखी एक लिहिलंय, की शेजारणीने "मला यानेच फरक पडला" म्हणून दिलेली छोटी पांढरी गोळी अक्का आठ दिवस घेताहेत. तिचं पाकीट आणा किंवा फोटो काढून आणा. बहुतेक वेळा ते स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत दुखणं पळतं, सीआरपी खाली येतो, सूज असली तरी दिसत नाही, आणि मग तपासणाऱ्यालाही फसायला होतं. आठ दिवसांत थांबवणं बहुधा सोपं जाईल, पण आधी डॉक्टरांना कळवा. महिनोन्महिने घेतलेलं असेल तर एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणि शेजारणीला आमवात असून ती मेथोट्रेक्सेट घेत असेल, तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने तोंड आणि अस्थिमज्जा जळालेले रुग्ण मी अतिदक्षता विभागात बघितलेत. दुसऱ्याच्या डब्यातली गोळी अक्कांच्या तोंडात जायला नको.

मी लघवीचा उल्लेख सारखा का करतोय, त्यामागे एक मुलगी आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेली, १९ वर्षांची. सांधे दुखतात, केस गळतात, गालावर उन्हात लाली येते. सोबत तपासण्यांचा गठ्ठा. गर्दीचा दिवस होता. वडील म्हणाले, "साहेब, आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, म्हणजे वात नाही ना?" मी एएनए लिहून दिला, १:६४० होमोजिनियस (सगळीकडे एकसारखी चमक) असा येणार होता तो, आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. गठ्ठ्यातलं लघवीचं पान मी उलटून बघितलं नाही. त्यावर लिहिलेलं होतं, अल्ब्युमिन तीन प्लस, म्हणजे लघवीतून भरपूर प्रथिन जात होतं. ती महिन्याने आली नाही, भातलावणी होती. तीन महिन्यांनी आली तेव्हा पाय सुजलेले, रक्तदाब १७०. किडनीचा तुकडा काढून तपासला, ल्युपस किडनीत उतरला होता. औषधांनी तो आवरला, डायलिसिस टळलं, पण क्रिएटिनिन १.६ वरून खाली आला नाही, कायमचा. ते पान त्या पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर होतं. तेव्हापासून कुठल्याही सांध्याच्या रुग्णाचं मी आधी लघवीचं पान बघतो, मग सीबीसी, आणि बाकीचं नंतर.

त्यामुळे पुढच्या काळात अक्कांना यांपैकी काही झालं, तर थांबू नका: लघवीला खूप फेस, सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज, चेहऱ्यावर उन्हाने वाढणारा चट्टा, तोंडात न दुखणारे फोड, श्वास घेताना छातीत कळ, अंगावर निळे-जांभळे डाग, किंवा एखादा सांधा गरम आणि टम्म. तेव्हा एएनए प्रोफाइलला, म्हणजे एकेक अँटिबॉडी वेगळी तपासणाऱ्या पट्टीला, अर्थ येईल, डीएस-डीएनएलाही येईल. ज्या बाईला ल्युपस किंवा शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार) आहे आणि मूल हवंय, तिच्यासाठी त्या प्रोफाइलमधली आरओ अँटिबॉडी हा एक घटक तर फार मोलाचा असतो, कारण तो वारेतून बाळापर्यंत जातो आणि शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतो. आज अक्कांसाठी त्या पट्टीवर एखादं फिकं 'प्लस' आलं तर तुमच्या हातात फक्त आणखी एक न कळणारा शब्द येईल. मुंबईला रक्त पाठवू नका. ते पैसे फेरिटिनला, लोहाच्या गोळ्यांना आणि मनगटाच्या पट्ट्याला पुरून उरतील.

डॉक्टरांकडे जाताना सहाही पानं तारखेच्या क्रमाने लावून न्या, मोबाइलवर अर्धवट फोटो नकोत. आणि पानांसोबत अक्कांनाही न्या. भावांनी फाईल घेऊन यायचं आणि बहिणीने घरी विड्या वळत बसायचं, असं आमच्याकडे फार होतं, म्हणून सांगतोय. कन्नडमध्ये बोलणारे डॉक्टर असतील तर अक्का लाजून गप्प बसतील, त्यांच्या शेजारी बसा. त्यांना तीनच गोष्टी सांगायला शिकवा: सकाळी हात किती वेळ आखडतो, रात्री कोणती बोटं बधिर होतात, आणि पाळीत किती जातं.

थायरॉईड आणि रक्त सुधारून तीन महिने झाले तरी बोटं दुखत असतील किंवा सूज दिसू लागली, तर अँटी-सीसीपी करू आणि दोन्ही हातांचा एक्स-रे काढू. बधिरपणा राहिला, अंगठ्याच्या बुडाचं मांस बसू लागलं, तर नसेची विद्युत तपासणी लागेल. बेळगावला येणार असाल तर सूप आणि थोडी पानं-दोरा पिशवीत घालून आणा. त्या विडी कशी वळतात, मनगट कुठे वाकतं, ते मला समोर बसून बघायचंय.